कंपनीतली जैनी, खाटेवरची जैनी

"चाचा, बैल बसला म्हणून मी बसलो. आता मला आजारपणाचं द्या."

मोखाड्याच्या बाजूचा हा गृहस्थ एवढं बोलून माझ्या टेबलासमोर जो बसला, तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत हलला नाही. कारखान्यातला कामगार, विम्याची नोंद पक्की, डॉक्टरचा दाखलासुद्धा सोबत. फक्त तो गुरांच्या डॉक्टरचा होता. मी सांगितलं, बाबा, विमा तुझा आहे, बैलाचा नाही. तो म्हणाला, "मंग नांगराला दुसऱ्या बाजूनं कोण, तुमी येता काय?" या प्रश्नाचं उत्तर आमच्या नियमांच्या पुस्तकात नाही. निवृत्त झालो तरी मी ते अजून चाळतोय.

तर अशा गिऱ्हाइकांत माझी नोकरी गेली. कामगार विमा कार्यालयात दाव्यांचं टेबल माझं. राहायला जव्हार, नोकरी खाली कारखान्यांच्या पट्ट्यात. सकाळी एसटीनं घाट उतरायचा, संध्याकाळी चढायचा. इतका उतरलो-चढलो की घाट चार बोटं खचला, असं आमच्या गाडीचे कंडक्टर शपथेवर सांगतील. जव्हारच्या बाजारात आमच्या वडिलांचं कल्हईचं दुकान होतं. गावोगावचे लोक त्यांना ओळखायचे, म्हणून मीही आपोआप सगळ्यांचा चाचा झालो. कार्यालय संध्याकाळी बंद व्हायचं, पण माझ्या घरचा ओटा कधी बंद झाला नाही. एकदा तर माझ्याच मुलीच्या साखरपुड्यात एकानं नवऱ्या मुलाच्या वडिलांना आपला प्लास्टरमधला हात दाखवून विचारलं होतं, "साहेब, माझं कधी व्हणार?"

बाहेरच्या वाचकांसाठी धंदा थोडक्यात सांगतो. कामगाराच्या पगारातून दर महिन्याला चिमूटभर कापतात, मालक त्यात मूठभर घालतो. कामगार आजारी पडला आणि डॉक्टरनं काम करू नकोस असं लिहून दिलं, की बुडालेल्या पगाराचा बराचसा भाग विमा देतो. बाई बाळंत व्हायची असेल तर त्या रजेचा पगार देतो. बाळंतपणाची रजा मूल व्हायच्या तारखेला बांधलेली असते. तिच्या फार आधी पोटानं त्रास दिला तर आधी आजारपणाचा दावा, मग बाळंतपणाचा. असे हे दोन दावे एकामागून एक चालतात, आगगाडीच्या डब्यांसारखे, आणि पहिला डबा अडकला की दुसराही जागचा हलत नाही. अटी बऱ्याच, पण कातळासारखी एकच: ज्या दिवसाचे पैसे आम्ही देऊ, त्या दिवशी तुम्ही कामावर असता कामा नये.

अट सोपी आहे. तिच्यावर डोकं आपटलेली माणसं मी शेकड्यांनी पाहिली. त्यात बाळंतिणी सगळ्यांत वाईट. कारण दावा उशिरा मंजूर झाला तर मोडलेला हात वाट बघतो, पोट बघत नाही. फार वर्षांपूर्वीची एक बाई मला अजून आठवते. तिचा दावा मंजूर झाला, सही-शिक्क्यासकट. पण तोवर घरात दाणा नव्हता म्हणून ती उठून कामाला गेली होती, आणि पोट राहिलं नव्हतं. मंजुरीचं सांगायला मी तिच्या घरी गेलो, तर तिच्या सासूनं मला पाणी दिलं आणि म्हणाली, "आता कशाला?" त्या पाण्याची चव मी कुणाला सांगत नाही.

म्हणून जैनीचं प्रकरण टेबलावर आलं तेव्हा मी ते कुणाच्या हाती लागू दिलं नाही.

जैनी जामसरकडच्या पाड्यावरची. एका कारखान्यात ठेकेदारामार्फत पॅकिंगला. आधीची दोन पोटं गेलेली. तिसऱ्या खेपेला पाचव्या महिन्यात अंगावरून जायला लागलं, रक्तदाबही चढलेला. जव्हारच्या डॉक्टरीणबाईंनी चार दिवस ठेवून घेतलं आणि मग सांगितलं, आईकडे जा, खाटेच्या पायथ्याला विटा लाव, आणि संडासापुरतं सोडलं तर उठायचं नाही. उठलीस तर हेही पोट राहणार नाही. नवरा वसईकडे रेतीच्या बोटीवर, महिन्याने तोंड दाखवणारा. जैनी आईकडे येऊन पडली, डॉक्टरचे दाखले आमच्याकडे येऊ लागले. सगळं जिथल्या तिथे होतं.

आणि मग संगणकावर कारखान्याची हजेरी उघडली. त्याच दिवसांना जैनी कामावर हजर. नुसती हजर नाही, एकही खाडा नाही, वर ओव्हरटाइम.

आमच्या शाखेच्या मॅडम वऱ्हाडातल्या. बारीक बांधा, बोलणं त्याहून बारीक, पण त्या फाईल बंद करायच्या तेव्हा पंख्याचा वेग कमी व्हायचा. त्यांनी चष्मा काढला.

"चाचा, ही बाई खाटेवर आहे की कामावर?"

"खाटेवर, मॅडम. मी तिच्या आईला ओळखतो."

"आईची नोंद मी कुठे करू? उद्या जीप सांगा. बघूनच येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. थंडीचे दिवस, धुकं इतकं की ड्रायव्हरनं वाटेत एका म्हशीला दोनदा रस्ता विचारला. जामसरच्या पुढे फाट्यावर कंपनीची गाडी रात्रपाळीच्या बायांना सोडून नुकती वळत होती. त्यातली एक आमच्या वाटेनं चालू लागली. मॅडमना दया आली. म्हणाल्या, घ्या तिला. बाई मागे माझ्याशेजारी बसली. डोक्याला फडकं, गळ्यात कंपनीचं कार्ड.

मॅडमनी मागे वळून कार्ड वाचलं. मग परत वाचलं.

"तू जैनी?"

"हां," बाई म्हणाली.

"रात्रपाळी करून आलीस?"

"हां. आज माल लई व्हता."

मॅडम पुढे वळल्या. आरशात त्यांचं तोंड मला दिसत होतं. त्या तोंडावर माझी तीस वर्षांची नोकरी, जैनीचा दावा आणि परतीचा चहा, सगळं एकदमच नामंजूर झालेलं होतं. मी देवाचं नाव घेतलं आणि खिडकीबाहेर बघू लागलो. बाहेर धुकं होतं, त्यामुळे बघण्यासारखं काही नव्हतं.

कुडाच्या भिंतींचं घर. बाई आमच्या आधी उतरून आत गेली. आम्ही मागोमाग. आत कणगीशेजारी खाट, खाटेच्या पायथ्याला विटा, आणि खाटेवर, पाय वर, डोकं खाली, पोट मधोमध, दुसरी एक बाई.

"ही कोण?" मॅडमनी विचारलं.

"जैनी," कार्डवाली म्हणाली.

"आणि तू?"

"मी बी जैनी. कंपनीत." थोडं थांबून, "घरात मी कमळी. तिची धाकटी भैण."

चुलीपाशी बसलेली आई कौतुकानं म्हणाली, "दोघी सारख्याच दिसतात. त्यांचा बापूस पण फसायचा."

मग सगळं बाहेर आलं, आणि ते सांगताना कुणाच्याही चेहऱ्यावर चोरी नव्हती. आमच्याकडच्या पाड्यांवर लावणीला जायचं तर शेतमालक घरटी एक माणूस सांगतो. थोरली आजारी पडली तर धाकटी जाते, धाकटीला ताप आला तर आई जाते. मालक हात मोजतो, तोंड कुणी बघत नाही. जैनी पडली, तशी कमळी तिचं कार्ड गळ्यात घालून गाडीत बसली. घरात एवढीच चर्चा झाली की डब्यात भाकर नागलीची न्यायची की तांदळाची.

"अन् अंगठा?" मॅडम म्हणाल्या. "यंत्र आहे ना तिथे?"

कमळीनं अंगठा पुढे केला. मातीनं, राखेनं, भातानं घासून तो माझ्या टकलासारखा गुळगुळीत झाला होता. "यंत्राला आमचा कुणाचाच अंगठा दिसत नाय. मुकादम नाव पुकारतो. तोंडाला फडकं, डोक्याला टोपी. जैनी म्हटलं की मी हाजर म्हणते."

"पण का, बाई?" मॅडमचा बारीक आवाज आणखी बारीक झाला. "तिला आम्ही पैसे देणारच होतो."

"म्हणूनच तर," कमळी म्हणाली. "तिची हजेरी बंद पडली तर तुमचं देणं बंद पडंल. चूल रोज पेटवली नाय तर विझते ना."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी कणगीकडे पाहिलं. ती माझ्या खांद्याएवढी होती, शेणानं लिंपलेली.

"कमळे, यात काय आहे?"

"भात."

"कधीचं?"

"आता दिवाळीला कापलं ते."

"आज शेतावर कोण राबतंय?"

"आता कोण राबंल? काय नाय शेतात."

"मग आज काय खाल?"

ती हसली. "हेच. कणगीतलं."

"विमा पण तेच खातो, बाय. आज जे मिळायचं ते तुझ्या बहिणीनं गेल्या पावसाळ्यात केलेल्या कामावर. तिचे ते दिवस पुरेसे भरलेत, मी स्वतः बघितलेत. तिनं आता कामावर जायची गरज नव्हती, तिच्यासाठी कुणी दुसऱ्यानं जायची तर अजिबात नव्हती. आणि विम्याचं आजारपण चालू असताना तिला कामावरून काढताही येत नाही."

कमळीनं कणगीवर हात ठेवला. "म्हंजी मी रातच्या रात उगाच उभी राहिले?"

"उगाच नाही," मॅडम म्हणाल्या. "दावा अडकवलास ना."

आईनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती.

हसणं संपल्यावर मॅडमनी आपली अडचण सांगितली, आणि ती खरी होती. कार्डावरचा फोटो इतका काळा की त्यात कमळी होती, जैनी होती, आग्रह धरला असता तर मीही होतो. कागदावर जैनी कामावर. त्यांनी घरी येऊन काय पाहिलं, तर जैनी नावाची बाई पाळी करून उतरली. "कामावर दुसरी होती, असं ठेकेदारानं लिहून दिलं तरच मला पुढे जाता येईल. नाही दिलं तर आजारपण नामंजूर. मग बाळंतपणाच्या दाव्यावरही शंका. आणि हिच्यावर," त्यांनी कमळीकडे मान केली, "दुसऱ्याच्या नावानं काम केल्याचा ठपका."

त्या जे बोलल्या ते खाटेवर ऐकू गेलं होतं. जैनीनं एका हातानं पोट धरलं, दुसऱ्यानं खाटेची दोरी, आणि पाय खाली सोडले.

"कमळीवर काय यायला नको," ती म्हणाली. "आजपासून मीच जाते. मग खरं व्हईल."

आई धावली. "अगं आडवी हो. डॉक्टरीण काय बोलली?"

"डॉक्टरीण कमळीला सोडवायला येणार नाय."

तिनं एका पायात चप्पल सरकवली होती. त्या क्षणी मला ते पाणी आठवलं, पहिल्या बाईच्या सासूनं दिलेलं. आयुष्यभर मी थापा मारल्या, बाजारात, एसटीत, लग्नांत, साहेबांपुढे. म्हटलं आता एक अशी मारू की ही पडूनच राहिली पाहिजे.

"जैनी," मी दरडावलं, "तू उठलीस की कमळी अडकली. कमळी म्हणते, खाटेवर जैनी होती आणि कामावर मी. बरोबर? आता तू कामावर गेलीस, तर खाटेवर कोण? कुणीच नाही. म्हणजे कमळी खोटी पडली. तिची साक्ष तूच आहेस. ही खाट रिकामी दिसली त्या दिवशी कमळीला कुणी वाचवू शकत नाही."

बोलून झालं आणि माझ्या लक्षात आलं की मारायला गेलो थाप, आणि निघालं ते अगदी खरं. असं माझ्या बाबतीत फार कमी वेळा घडलंय. मॅडमनीही मान हलवली. "बरोबर आहे. तू पडून राहणं हाच पुरावा आहे."

जैनीनं चपलेतून पाय काढला. मग आईनं तिचे दोन्ही पाय उचलून वर ठेवले. "पडून राहायचं काम पहिल्यांदाच ऐकलं," जैनी आढ्याकडे बघत म्हणाली. कमळीनं गळ्यातलं कार्ड काढून कणगीवर ठेवलं.

आता ठेकेदार. त्याच्याकडे मी दुसऱ्याच दिवशी गेलो. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत टेबल. म्हणाला, "चाचा, आपल्याकडे असं काही होत नाही. मुकादम स्वतः हजेरी घेतो. जैनीच कामावर आहे. लिहून हवं तर तसं लिहून देतो."

त्याला कमळीची काळजी नव्हती. दुसरी बाई कामावर होती असं लिहिलं, तर कारखान्याचा साहेब विचारणार, तुमचा मुकादम डोळे कुठे ठेवतो. माणूस इथेच अडतो हे मला ठाऊक होतं. म्हणून मी भांडलो नाही. खुर्ची पुढे ओढली, त्यानं मागवलेला चहा प्यायलो, आणि दुसराही मागवला.

"शेठ, तुम्ही म्हणता तेच मॅडम लिहिताहेत. तुमचा शब्द त्यांना पुरे आहे."

"मग झालं तर."

"झालंच. त्या लिहिताहेत की, पोटुशी बाई, आधीची दोन पोटं गेलेली, रक्तस्राव चालू, उठायची सक्त मनाई असल्याचे सरकारी दवाखान्याचे दाखले हजर, अशा बाईला ठेकेदारानं रात्रपाळीला उभं करून खोके उचलायला लावले. वर ओव्हरटाइम. तुमच्याच हजेरीवरून लिहिताहेत, बाहेरचं काही नाही." मी चहाचा घोट घेतला. "कायदा काय म्हणतो ते तुमचा वकील सांगेलच. मी आपला साधा कारकून."

मॅडम असं काही लिहीत नव्हत्या. पण ठेकेदाराची हजेरी खरी मानली, तर यातला एक शब्दही खोटा नव्हता. त्याच्या कपाळावर घाम आला, थंडीत. त्यानं मुकादमाला हाक मारली.

"काय रे, ती जैनी. ती जैनीच आहे का?"

मुकादम जव्हारचाच, हुशार माणूस. त्यानं आधी शेठच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या. मी कपात बघत होतो.

"नाय शेठ. ती भैण तिची. पहिल्या दिवशीच वळखली मी. जैनी डावरी, ही उजव्यानं खोक्याला पट्टी मारते."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी हात मोजायला सांगितलं होतं. हात बरोबर होते."

कागद तिथेच झाला. कामावर कमळी होती, जैनी नव्हती, हजेरीची चूक मुकादमाच्या नजरेची. मी घाईघाईत आणखी एक ओळ घालून घेतली: कमळीनं केलेलं काम कमळीच्या नावावर लावावं आणि तिचा स्वतःचा विमा काढावा. शेठ म्हणाला, हे कशाला? मी म्हटलं, नाहीतर ती आतापर्यंत तुमच्याकडे बिनविम्याची राबली असं होईल. त्यानं तेही लिहिलं. त्याला त्या दिवशी मी त्याचं घर माझ्या नावावर करायला सांगितलं असतं तरी केलं असतं, असं मी घरी येऊन सांगितलं. आमच्या बेगमनं विचारलं, मग का नाही सांगितलंत?

मॅडमनी कमळीला कार्यालयात बोलावून समज दिली. समज म्हणजे काय, त्या बोलत होत्या आणि कमळी त्यांच्या टेबलावरच्या काचेखालचे फोटो बघत होती. शेवटी मॅडम म्हणाल्या, "पुन्हा करशील का?" कमळीनं प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाली, "तिला पुन्हा दिवस गेले तर तुमाला आधी विचारीन." मॅडमनी फाईल बंद केली. पंख्याचा वेग तेवढाच राहिला.

जैनीचं आजारपण मंजूर झालं. आई दुकानातून उधार न मागता तेल घेऊन आली, हे मला दुकानदारानं सांगितलं. जैनी पडून राहिली. पाड्यावरचे लोक तिला बघायला यायचे, म्हणायचे, हिला झोपायचा पगार मिळतो. तिला त्याचा राग यायचा. मी गेलो की म्हणायची, "चाचा, यांना सांगा, हे लई कष्टाचं काम हाय." मी सांगायचो. आणखीही बरंच सांगायचो: दिल्लीच्या मोठ्या साहेबांच्या भिंतीवर तिच्या खाटेचा फोटो लावलाय, आणि राज्यातल्या पडून राहणाऱ्यांत तिचा पहिला नंबर आलाय. ती हसायची, मग पोट धरून म्हणायची, हसवू नका, डॉक्टरणीनं मना केलंय.

नवव्यात रक्तदाब पुन्हा चढला. रुग्णवाहिकेनं तिला जव्हारला आणलं. बाळंतपणाचा दावा तोवर माझ्या टेबलावर होता, आणि तो कुणाच्या टेबलावर किती वेळ थांबला हे मी सांगणार नाही, कारण तो थांबलाच नाही. मी फाईल हातात घेऊन मॅडमच्या दारात उभा राहिलो, त्यांनी उभ्याउभ्या सही केली. "गेली का दवाखान्यात?" "गेली." "मग तुम्ही इथे काय करताय?"

मी दुपारची एसटी पकडली. घाट त्या दिवशी एवढा लांब झाला होता की मला वाटलं कुणीतरी मध्ये दोन वळणं जास्तीची टाकलीत. दवाखान्यात पोचलो तर ओळखीच्या सिस्टरनी दारातच बोट ओठांवर ठेवलं आणि आत जायला वाट दिली.

मुलगी होती. लहानखुरी, लाल, मुठी वळून झोपलेली. जैनी कुशीवर झोपलेली. इतक्या महिन्यांत तिला कुशीवर मी पहिल्यांदाच बघत होतो. आई खाटेला पाठ लावून बसल्या जागी झोपलेली. खाली सतरंजीवर कमळी, डोक्यावर अजून कंपनीची टोपी, तोंड उघडं. चौघींपैकी एकीलाही मंजुरी सांगायची सोय नव्हती. मी स्टुलावर बसलो.

थोड्या वेळानं जैनी डोळे न उघडताच म्हणाली, "चाचा?"

"हां."

"मंजूर झालं?"

"झालं. त्याचं असं झालं, जैनी, की मी मॅडमच्या दारात…"

"मंग बसा गप," ती म्हणाली, आणि मुलीला जवळ ओढून पुन्हा झोपली.